माझ्यावर निघालेला सिनेमा

एखाद्यावर सिनेमा निघायचा तर माणूस मोठा असावा लागतो, आणि शक्यतो मेलेला असावा लागतो. मी दोन्ही नव्हतो. तरी साठ सालाच्या आगेमागे, ऐन पंचविशीत, माझ्यावर सिनेमा निघाला. निदान पांढरकवड्यातल्या लोकांचं तसं ठाम मत होतं, आणि खोटं कशाला सांगू, पहिलं रीळ संपेपर्यंत माझंही झालं होतं.

तेव्हा मी सडकेच्या कामाच्या कचेरीत कारकून होतो. हैदराबादच्या रस्त्यावर कुठे किती गिट्टी पडली हे दिवसभर लिहायचं, आणि घरी येऊन गोष्टी लिहायच्या. त्यातली एक नागपूरच्या एका साप्ताहिकात छापून आली. दुसरा कोणी शहाणा असता तर अंक पेटीत ठेवून मोकळा झाला असता. मी मिळतील तेवढे अंक आणले आणि गावात जिथे जिथे माणसं रिकामी बसतात तिथे तिथे नेऊन ठेवले. पानठेला, सलून, चहाचं हॉटेल, दवाखान्यातला बाक. कोणी अंक उघडलाच तर मी शेजारी उभा राहून तो कोणत्या ओळीवर आहे ते त्याच्या डोळ्यांवरून ताडत असे, आणि हसायची जागा आली की अगोदरच हसत असे. हळूहळू लोक दवाखान्यात उभे राहू लागले, पण त्या बाकावर बसेनात. मात्र नाव पडायचं ते पडलंच. सारा गाव मला लेखकराव म्हणू लागला. त्यातला 'राव' आदराचा नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

अशात गावातल्या टिनाच्या थेटरात तो सिनेमा आला. हिंदी, काळापांढरा, विनोदी. जाहिरातीचा टांगा गावभर फिरू लागला. टांग्याच्या दोन्ही बाजूंना बोर्ड, बोर्डावर गळ्यात मफलर गुंडाळलेला, कानावर पेन खोचलेला एक काटकुळा माणूस आणि त्याच्या मागच्या खिडकीतून आत डोकावणारा घोडा. भोंग्यातून ओरडणारा माणूस आमच्या कचेरीसमोर आला की मुद्दाम टांगा थांबवायचा. "आइये, देखिये, एक लेखक की फजीहत! हँसते हँसते पेट दुखेगा!" मग घंटी वाजवून खिडकीतून माझ्याकडे बघत सलाम करायचा. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुझ्या ओळखीचा आहे का हा?"

मी मनातून दुखावलो होतो आणि मनातूनच सुखावलो होतो. लेखक या जातीवर कोणीतरी सिनेमा काढला म्हणजे आम्ही कोणीतरी होतो. पहिल्याच दिवशी पळत जाऊन पाहिला असता. पण तेवढ्यात माझं लग्न आडवं आलं.

मुलगी झरीकडची. तिला लहानपणापासून मामा-मामीनं सांभाळलेलं. मामा जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे नाक्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाडीतलं लाकूड तपासणारा माणूस. मुलगी पाहायला आम्ही गेलो तेव्हा भर उन्हातून आल्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. अंगणात बाज दिसली. मी सरळ जाऊन बसलो. खालून असा काही कडकड आवाज झाला की मला वाटलं बाजच मोडली. बाजेवर धोतर अंथरून मामीनं वर्षाच्या कुरड्या वाळत घातल्या होत्या. मी उठलो तर अर्ध्या कुरड्या माझ्यासोबत उठल्या. दारात पाण्याचा तांब्या घेऊन मुलगी उभी होती. तिनं चेहरा भिंतीकडे वळवला आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले. नंतर नाव विचारलं तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. मामीनंच नाव सांगितलं. म्हणजे मी तिचा चेहरा धड पाहिला नाही, आवाज तर ऐकलाच नाही. पण परत येताना बैलगाडीत मी दादाला सांगून टाकलं, की आता दुसरी मुलगी बघायला मला नेऊ नका. लग्न झालं तर हिच्याशीच.

दादा म्हणाला, "तुले पसंत हाय हे झालं. त्याइले तू पसंत पाहिजे नं?"

तिथे घोडं अडलं होतं. मामाची अट एकच. मुलगा काळा असो, गोरा असो, शेत असो नसो, लिहिणारा नको. मामाचे साडू भजनं रचत. रचता रचता एका भजनी मंडळासोबत असे निघून गेले की स्वतःच्या मुलीच्या लग्नालाही आले नाहीत. तेव्हापासून कागदावर हिशेबाशिवाय दुसरं काही उतरवणारा माणूस दिसला की मामाच्या कपाळाची शीर उठायची. बाजारच्या दिवशी मामा मुलगा आणि घर तपासायला येणार होते.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं. "भाऊजी, कारकून हाव म्हनायचं अन् तेथीच थांबायचं. गोष्टीचं नाव काढलं तर मी तुम्हाले जन्मभर पोळ्या करून घालनार नाही, सांगून ठेवते. अन् थे गावात वाटलेले कागद अगोदर गोळा करा."

मग मी सायकल काढून माझी कीर्ती गोळा करत फिरलो. पानठेल्यावाल्यानं माझ्या गोष्टीत कात बांधून विकला होता. सलूनमध्ये गेलो तर न्हावी म्हणाला, "लेखकराव, तुमचं पान लय कामी आलं. वस्तरा पुसाले असा कागद दुसरा नाही." उरलेल्या तुकड्यावर फेसाच्या सुकलेल्या ठिपक्यांमध्ये माझं नाव तेवढं शाबूत होतं. दवाखान्यातला अंक मात्र कोरा करकरीत निघाला. तो मी घरी आणून वहिनीच्या स्वाधीन केला. ती म्हणाली, "आणा, मी लपवते."

मामा आले. खाकी सदरा, डोक्याला घट्ट पागोटं, हातात काठी. त्यांनी घर तपासलं ते लाकडाची गाडी तपासल्यासारखं. दाराची चौकट बोटानं वाजवून पाहिली, खांबाला काठी लावून पाहिली, मला उभं करून खालून वर पाहिलं. मी श्वास रोखून उभा होतो. ठोकून बघतात की काय असं वाटत होतं.

"काय करता?"

"कारकून आहे," मी म्हणालो आणि तिथेच थांबलो. वहिनीनं आतून समाधानानं भांडं वाजवलं.

जेवणं झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. वहिनी म्हणाली, "मी बाजारात बांगड्या भरून येते," आणि निघून गेली. दादा दुकानात गेला. आता मामांनी ओसरीत वामकुक्षी करावी आणि पाचच्या बसनं जावं एवढंच बाकी होतं. मामांनी लवंडायच्या ऐवजी जोडा घातला.

"काहो कारकूनसाहेब, गावात शिनेमा हाय म्हनते. म्या आजवर एक बी पाह्यला नाही. चला, पाहून येऊ."

मी म्हणालो, टिनाखाली फार गरम होतं. मामा म्हणाले, मी जंगलात राह्यतो. मी म्हणालो, हिंदी आहे, समजणार नाही. मामा म्हणाले, तुम्ही हाव नं समजावून सांगाले. मी म्हणालो, सिनेमा काही चांगला नाही. मामा म्हणाले, "तुम्ही पाह्यला?" यावर खरं सांगावं तर आधीचं बोलणं खोटं पडणार, आणि खोटं सांगावं तर मामा म्हणणार, 'मंग मले बी दाखवा.' आम्ही निघालो.

त्या थेटराची रीत सांगितली पाहिजे. मशीन एकच. त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढेपर्यंत सगळा हॉल उजेडात बसायचा. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मध्ये सतरंज्या शिवून केलेला पडदा. अंधार झाला की दारावरचा माणूस तो पडदा ओढून घ्यायचा, म्हणजे बायकांना सिनेमा सरळ दिसे. दिवे लागायच्या आत धावत येऊन तो पुन्हा आडवा लावायचा, म्हणजे उजेडात कोणी कोणाला बघू नये. त्या बिचाऱ्याची सिनेमाभर पळापळ. मशीन चालवणारा माझा दोस्त. सडकेवर त्याचं ट्रक दुरुस्तीचं दुकान होतं. सारा गाव त्याला उस्ताद म्हणे. बाजारच्या दिवशी तो दुपारी ट्रकखालून निघायचा आणि तसाच तेलाच्या हातांनी मशीनवर जायचा. एकच सिनेमा वणीला आणि आमच्याकडे चालायचा. डबे तिकडून सकाळच्या बसच्या टपावर यायचे आणि उतरवताना कोणत्या डब्यावर कोणतं झाकण बसेल याचा भरवसा नसे.

आम्ही बाकावर बसलो. मी मान खाली घालून, टोपी भुवयांपर्यंत ओढून. तरी मागून कोणीतरी म्हणालंच, "आले, आले!" मामांनी विचारलं, "कोन आलं?" मी म्हणालो, "सिनेमा."

अंधार झाला आणि तो काटकुळा लेखक पडद्यावर आला. भर उन्हाळ्यात मफलर. बसला टेबलाशी. लिहायच्या अगोदर त्यानं एक पेन्सिल तासली. मग दुसरी. मग घरातल्या सगळ्या. मग बायकोचं लाटणं तासलं. मला हसू आलं नाही, घाम आला. मी स्वतः लिहायला बसायच्या अगोदर दौत पुसायचो, मग टेबल, मग कंदिलाची काच, आणि एकदा दादाची सायकल पुसली होती. पुढे तो आरशासमोर उभा राहून फोटोसाठी हनुवटीखाली मूठ ठेवून बघतो, मग कपाळावर बोट, मग दोन्ही. माझ्या घरच्या भिंतीवर माझा कपाळावर बोट ठेवलेला फोटो होता. यवतमाळला जाऊन काढलेला. वहिनीनं तो त्या सकाळीच उतरवून धान्याच्या कोठीमागे टाकला होता, म्हणून वाचलो. मग तो लेखक गवळ्याला गोष्ट वाचून दाखवतो. गवळी पातेल्यात दूध ओतत ओतत झोपी जातो आणि दूध उंबऱ्यावरून अंगणात, अंगणातून सडकेवर जातं, तरी याचं वाचन चालूच.

आणि मग तो सीन आला ज्यानं मला पुरतं उघडं केलं. शेजारच्या दोन बायका भांडताहेत. हा भिंतीवर चढून त्यांचं भांडण उतरवून घेतोय. घाईत एक शिवी निसटते. तेव्हा हा हात जोडून म्हणतो, "बहनजी, जरा आहिस्ता. वो आखरीवाला फिर से कहिये." दोघी भांडण विसरून त्याच्यावर चपला फेकतात. मी हे केलं होतं. नळावर. अगदी याच शब्दांत नाही, पण चपला त्याच.

इतका वेळ मी त्या माणसाचा अपमान माझा म्हणून गिळत होतो. एकाएकी तो गिळवेना. हसू नाकातून निघालं, मग तोंडातून, मग मी गुडघ्यावर थापा मारू लागलो. स्वतःवर हसण्यात इतकी मजा असते हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. शेजारी वाळलेलं झाड मोडावं तसा आवाज झाला. मामा हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा हसत असल्यासारखे, दचकून दचकून.

"भैताड हाय लेकाचा!" मामा डोळे पुसत म्हणाले. "पक्का भैताड!"

मी मनापासून मान डोलावली.

दिवे लागले. पुन्हा गेले. दुसरं रीळ सुरू झालं आणि काही समजेना. लेखकाच्या घरात घोडा. एकदम स्वयंपाकघरात. मोठ्या मिशांचा एक डाकू पाट्यावर तलवार घासतोय. झोपाळ्यावर बसून एक सुंदर बाई ढसाढसा रडतेय. टेबलाखाली काळा कोट घातलेला एक जासूस भिंगातून फरशी बघतोय. आणि लेखक केस उपटत यांच्यामधून येरझारा घालतोय. हे सगळे आले कुठून, कधी आले, काही पत्ता नाही. लोक कुजबुजू लागले, मग शिट्ट्या, मग बाकांवर लाथा. रीळ संपलं, दिवे लागले आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. "अबे, मधातलं कोठी गेलं? आमचं मधातलं दे!"

वरच्या मशीनच्या भोकातून उस्तादचं डोकं बाहेर आलं. गालावर ग्रीस. "माफ करना भाई लोग! वणीवालोंने ढक्कन बदल दिये. आगे का पहले चढ गया. जरा सबर करो, मैं डिब्बा ढूँढता." कोणी सबर करायला तयार नव्हतं. उस्ताद दोस्तीला जागला. "अरे, चिल्लाते कायकू? नीचे अपने लेखकराव बैठेले हैं ना! वो बताएँगे बीच में क्या हुआ. कहानी उनकीच तो है!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला.

मामांनीही वळून माझ्या मागे पाहिलं. "लेखक कोन?"

"मागं कोणी असेल," मी म्हणालो.

"मागं भिंत हाय."

"सांगा नं जी लेखकराव!" लोक ओरडले. "सांगा! सांगा!" टाळ्या सुरू झाल्या. मामांच्या कपाळाची ती शीर मला स्पष्ट दिसत होती. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की चेष्टा आहे, मला लेखक म्हणून चिडवतात. चांगलं खपलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा सगळा पांढरकवडा माझी गोष्ट ऐकायला मागत होता. त्याची सर दवाखान्यातल्या बाकाला कुठून येणार? माझे पाय माझं न ऐकता बाकावर चढले.

"हे पाहा," मी म्हणालो, "फार सोपं आहे. त्या घरी लग्न आहे. रडणारी बाई लेखकाची बहीण. सासरी जायचं म्हणून रडते. मिशीवाला तिचा मामा." इथे मी नाकेदारमामांकडे बघून आदरानं हसलो. "तलवार नवरदेवाच्या हातात द्यायला. आणि घोडा वरातीचा."

हॉल चाट पडला. "बराबर! वरातीचा घोडा!" एक जण म्हणाला, "याले म्हनते लेखक." मी हात जोडून उतरणार, इतक्यात सतरंजीच्या पलीकडून बाईचा आवाज आला. कोवळा, खणखणीत.

"मंग नवरदेव कोठी हाय जी?"

पुरुषांकडे हशा पिकला. मी म्हणालो, "यायचा आहे."

"अन् टेबलाखाली थो काळा कोटवाला?"

"तो... हुंडा मोजतोय."

"भिंगातून? इतकासाच हाय काय हुंडा?"

टिनाचं छप्पर उडतं की काय असं वाटलं. मामा एकदम ताठ बसले, खाकरले आणि त्यांनी पागोटं डोळ्यांवर ओढून घेतलं. माझी लाज वाटतेय म्हणून असणार, असं मी धरून चाललो.

तो आवाज थांबला नाही. "बहीन सासरी चालली म्हनता. मंग ती रडून राह्यली, तर भाऊ तिचे डोळे काहून नाही पुसत? थो तर तिले म्हनते, और थोडा रोओ. असा भाऊ राह्यते काय? थे सारे त्यानं लिहिलेले लोक हायेत. गोष्ट पुरी करत नाही म्हनून त्याच्या घरी येऊन बसले."

मी, ज्याची गोष्ट नागपूरला छापून आली होती, तो यावर काय म्हणाला असेन? मी कपाळावर बोट ठेवून म्हणालो, "बाई, कागदावरची माणसं घरी येत नसतात. लेखनाचं शास्त्र आहे ते. ही काही स्वयंपाकघरातली गोष्ट नव्हे."

"स्वयंपाकघरातलीच हाय!" आवाज म्हणाला. "इतके पाव्हणे घरात, अन् चुलीवर भांडं नाही, ताट नाही, पानी बी कोनी मांगत नाही. खात नाहीत थे. जेवाले न मांगनारा पाव्हणा तुम्ही पाह्यला काय कोठी?"

मामांच्या पागोट्याखालून पुन्हा झाड मोडल्यासारखा आवाज आला. मी तोंड उघडलं, पण दिवे गेले, आणि पळून पळून धाप लागलेल्या दारावरच्या माणसानं पडदा ओढला.

उस्तादला बरोबर डबा सापडला होता. लेखक टेबलाशी बसलाय. लिहितोय, डाकू घोड्यावरून आला. लिहितोय, सुंदरी त्याच्या हाती लागली. लिहितोय, जासूस त्यांच्या मागावर निघाला. पुढचं सुचेना म्हणून त्यानं पेन फेकलं आणि तिथेच झोपला. टेबलावरच्या कागदांतून धूर निघाला. धुरातून मिशी. मिशीमागून डाकू. त्यामागून सुंदरी, जासूस, आणि शेवटी कागद फाडून घोडा. डाकूनं लेखकाचा मफलर धरून त्याला उठवलं आणि विचारलं, "आगे?"

मग असा कल्ला झाला की पुढचे संवाद कोणाला ऐकूच आले नाहीत. "पडदेवाली जितली! पडदेवाली जितली!" बाजाराला आलेली माणसं टोप्या उडवू लागली. आणि मी? मला राग यायला हवा होता. पण डाकूचं ते 'आगे?' ऐकून मला माझाच कागदांचा ढीग आठवला. माझ्या टेबलात किती माणसं अशी मधेच सोडून दिलेली होती! ती सगळी एके दिवशी आमच्या ओसरीत येऊन बसली आणि वहिनीनं त्यांना 'जेवून आले काय?' म्हणून विचारलं, तर? मी हसता हसता मागे कललो. बाकाला पाठ नव्हती हे विसरलो होतो. मागच्या माणसांच्या मांड्यांवर पडून मी वरचे टिनाचे पत्रे बघत हसत होतो आणि ते मला उचलायच्या ऐवजी माझ्यासोबत हसत होते.

पुढे दोन रिळांच्या मधल्या प्रत्येक उजेडात लोकांनी सतरंजीकडे तोंड करून विचारलं, "वो बाई, आता काय होईन?" आवाज म्हणे, "मले काय मालूम? गपचूप पाहा नं." आणि कोणी विचारलेलं नसताना मी सांगत सुटलो. डाकू सुंदरीशी लग्न करेल म्हणालो, त्यानं जासूसाबरोबर पानाचं दुकान टाकलं. सुंदरी जीव देईल म्हणालो, ती नाटक कंपनीत गेली. शेवटी लेखक एकेकाची गोष्ट पुरी करून एकेकाला निरोप देतो. घोडा काही जाईना. तो स्वयंपाकघरातच राहतो आणि लेखकाचे सगळे कागद खाऊन टाकतो. लेखक बायकोला म्हणतो, चला, एक तरी वाचक मिळाला. संपला सिनेमा.

बाहेर आलो. उन्हानं डोळे दिपले आणि अक्कल परत आली. मामा बसस्टँडकडे काठी टेकत भराभरा चालले होते. मी मागे. लग्न गेलं हे मला कळून चुकलं होतं. ती झरीची मुलगी आता दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार, आणि मी जन्मभर गिट्टी मोजणार.

बसजवळ वहिनी उभी. बांगड्या भरायला गेलेल्या हातात एकही नवी बांगडी नाही. तिच्या बाजूला मामी. मामीच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी. मला वाटलं उष्णतेनं भ्रम झाला. लग्न जमायच्या अगोदर मुलगी मुलाच्या गावात दिसू नये, म्हणून मामांनी तिला आणि मामीला बाजारात नातेवाइकांकडे उतरवलं होतं. आणि वहिनीनं त्या दोघींना...

"चला नं मामा," मुलगी म्हणाली. "बस निघून जाईन."

कोवळा, खणखणीत आवाज. सतरंजीशिवाय. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी आभाळाकडे पाहत होती.

मी मामांपुढे जाऊन हात जोडले. "मामा, मी लिहितो. तुमच्यापासून लपवायला नको होतं."

"लपवलं कोठी?" मामा म्हणाले. "साऱ्या बाजारानं ऐकलं."

मी मान खाली घातली. मामांनी पागोटं मागे सारलं आणि मला पुन्हा एकदा खालून वर पाहिलं.

"आमची अट काय होती? लिहिनारा मानूस नको. मी आज तीन घंटे तुमच्या बाजूले बसून पाह्यलं. एक गोष्ट बराबर नाही सांगितली तुम्ही. एक बी नाही. वरातीचा घोडा म्हने! आमचा साडू पक्का लिहिनारा होता, म्हनून गेला. तुम्ही कोठी जात नाही. तुम्हाले लिहिताच येत नाही. काही हरकत नाही, पोरगी दिली."

आता कोणीही पायांवर डोकं ठेवलं असतं. वहिनीनं मला त्यासाठी मागून ढकललंसुद्धा. पण माझ्या कानात एकच वाक्य अडकलं होतं.

"लिहिता येत नाही?" मी म्हणालो. "असं कसं मामा? माझी गोष्ट नागपूरला छापून..."

वहिनीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचा शब्द 'आई गं' असा निघाला. मामांचे डोळे बारीक झाले. शीर उठू लागली.

"काय छापून?"

"काही नाही छापत कोनी त्याइचं, मामा," मुलगी शांतपणे म्हणाली. "उगाच सांगून राह्यले. म्हनू द्या नं."

मामांची शीर खाली बसली. "तेच म्हनतो मी," म्हणाले, आणि तारीख काढायला दादाला झरीला पाठवा असं वहिनीला सांगून ते बसमध्ये चढले. मामी चढली. मुलगी खिडकीशी बसली. मी तिथेच उभा, नवरदेव म्हणून फुगलेला आणि लेखक म्हणून फुटलेला. तिनंही असं म्हणावं?

बस गुरगुरली. धूर सोडत हलली. तेव्हा तिनं पदर सावरला, खिडकीतून बाहेर बघत, मला नाही तर रस्त्याकडेच्या कडुलिंबाला उद्देशून, मामांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "थ्या गोष्टीतली म्हातारी शेवटी कायले मारली? चांगली होती नं थे!"

दवाखान्यातला तो कोरा करकरीत अंक वहिनीनं कुठे लपवला होता ते मला त्या क्षणी समजलं. माझी गोष्ट शेवटपर्यंत वाचलेलं पहिलं माणूस बसमध्ये बसून निघून चाललं होतं, आणि त्याची एक शंका होती.

मी धावलो. "तसं करावं लागलं!" मी खिडकीखाली धावत धावत ओरडलो. "म्हातारी राहिली असती तर नातवाला शहरात जाताच आलं नसतं!"

"तिले सोबत न्यायचं होतं!"

"गोष्टीत जागा नव्हती!"

"काहून नव्हती? पहिलं पानभर नुसता पाऊसच पडून राह्यला. थो कमी करायचा होता!"

वहिनी मागून हाका मारत होती, सडकेवरचे ट्रकवाले टाळ्या वाजवत होते, तोंडात धूळ जात होती, आणि मी बसच्या कडेनं पळत, दम लागलेल्या आवाजात, आपला होणारा संसार चाकांखाली जातो की काय याची पर्वा न करता, त्या पावसाची बाजू मांडत होतो.